पेढा ताटलीत ठेवा

मला माणसांची किळस येत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कोणालाही तसं वाटू शकतं, आणि आमच्या घरच्यांना तर वर्षानुवर्षं तसंच वाटत आलं. मला किळस येते ती दुसऱ्याच्या बोटांनी माझ्या तोंडात कोंबलेल्या घासाची. बोटं कोणाची, धुतलेली की न धुतलेली, याच्याशी काही संबंध नाही. ती माझ्या आईची असली तरी तेच होतं. ओठांना बोट लागलं की मान आखडते, घसा मिटतो आणि पोटातलं वर येतं. लाखनीच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते, तिथे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करायचं प्रात्यक्षिक असलं की मुलं नाकाला रुमाल लावून बाहेर पळतात. मी आत उभी असते. तो वास मला चालतो. पेढा धरून माझ्या तोंडाकडे येणारा हात चालत नाही.

आता आमच्या घराची रीत सांगते. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा ते तरुण होते. त्याआधी आजी ज्या घरी धानाच्या रोवणीला जायची, तिथे तिला पाणी वरून ओंजळीत ओतून द्यायचे, आणि तिचा कान तुटलेला कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. दीक्षेनंतर आजोबांनी घरात नियम घातला की आनंदाचा कोणताही दिवस असो, प्रत्येकाने प्रत्येकाला आपल्या हाताने एक घास भरवायचा, आलेल्या पाहुण्यालाही. ज्या हातांचं कोणी खात नव्हतं ते हात आता एकमेकांच्या तोंडात घास देणार. रीत सुंदर आहे, तिच्याविरुद्ध मी एक शब्द ऐकून घेणार नाही. माझ्या वाट्याला मात्र ती ओकारी होऊन आली.

लहानपणी याला नखरे म्हणत. मी घास तोंडात धरून ठेवायची, हसायची, मग मागच्या न्हाणीत जाऊन टाकून यायची. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी मी दहावीत होते आणि शाळेत पहिली आले. घरात भरवणाऱ्यांची रांग लागली. त्या निकालाचा दिवस आठवला की मला गुण आठवत नाहीत, वेगवेगळ्या बोटांच्या चवी आठवतात, कोणाच्या हळदीची, कोणाच्या बिडीची, कोणाच्या नारळाच्या तेलाची. आईने मला न्हाणीत पकडलं.

"काहून असी करतेस बाई?" ती म्हणाली. "तुह्या आजीच्या हाताचं लोकं खात नव्हते. अना तू घरच्या माणसाच्या हाताचं खात नाही?"

आईने रांधलेलं मी पातेल्यातलं खरवडून खायची. पण ते तिला दिसत नव्हतं, दिसायची फक्त न्हाणी. आमच्या घरात किळस हा शब्द वरच्या आळीतल्या लोकांचा होता, आमच्या लोकांकडे बघताना त्यांच्या तोंडावर यायची ती. ती आता आईला आपल्याच पोरीच्या तोंडावर दिसत होती. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं म्हणून ओकारी थांबली असंही नाही.

लग्न मी केलं नाही. साक्षगंधालाच, म्हणजे साखरपुड्यातच, पाच सवाष्णी पेढा घेऊन उभ्या राहतात, तिथे माझी गाडी अडली. नंतर नोकरी लागली, वडील गेले, आणि घरात आई, मी आणि धाकटा भाऊ राहिलो.

भावाचं लग्न अड्याळच्या बाजूच्या एका खेड्यात ठरलं. तेही बौद्ध. फरक एवढाच की आमच्या वडिलांना मास्तरकी मिळाली होती आणि त्यांच्याकडे अजून दुसऱ्याच्या बांधीत धान लावायला जाणं चालू होतं. बाहेरच्याला हा फरक दिसत नाही. आमच्या लोकांना तो दारात चपला काढतानाच कळतो. साक्षगंधाच्या दिवशी नवरीची आजी, कमरेत वाकलेली म्हातारी, पेढा घेऊन माझ्यापुढे आली. नवरदेवाची एकुलती एक बहीण म्हणून पहिला मान माझा.

"तोंड उघड माय," ती म्हणाली.

उघडलं. तिची बोटं कोरडी, खरबरीत होती. श्वास रोखून मी पेढा जिभेखाली सरकवला आणि आता निभावलं असं वाटलं, तेवढ्यात व्हिडिओवाला दिव्याचा झोत आमच्यावर टाकून म्हणाला, "आजी, परत एकदा, इकडे बघून." आजीने हसून दुसरा पेढा उचलला. पहिला अजून तोंडातच होता. मी ओकले. रुमालात, पण सगळ्या मांडवासमोर ओकले.

आजीने आपला हात पदराला पुसला. ओकारी माझी, आणि हात ती पुसत होती. मग ती हळूच म्हणाली, "नोकरीवाले झाले बाई. आता आमच्या हाताची किळस येते."

लग्न झालं. पण आजीने पुन्हा आमच्या घराची पायरी चढली नाही. आईने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्या व्हिडिओवाल्याची मुंडी मुरगाळावीशी वाटत होती, आणि आजीचा तो पुसलेला हात जेवताना, शिकवताना, कपडे वाळत घालताना डोळ्यांपुढे येत होता.

वर्षभराने भावजयीला दिवस गेले. घरात मूल येणार, आणि मी आत्या होणार. आत्याचा मान काय असतो हे मराठी घराला सांगायला नको. पाळण्याजवळ बसायचं, बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं आणि जगात पहिल्यांदा त्याचं नाव त्याला सांगायचं. लग्न नाही, लेकरू नाही, या घरात माझ्या वाट्याला येणारा मान एवढा एकच होता. आणि तो माझ्या जातकुळीचाच होता. एका कानात हळू आवाजात एक शब्द बोलायचा, समोर बघावं लागत नाही, हसावं लागत नाही. मला तो हवा होता. इतकं काही मला बऱ्याच वर्षांत हवंसं वाटलं नव्हतं.

आईने एका दुपारी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. "बारशाले तुह्या काकाची पोरगी बसंल आत्या म्हणून."

"काहून?"

"सुनबाईची आजी येईल. तू पाळण्यापाशी बसशील, नाव झालं का सारे तुले भरवाले येतील. पुन्हा तसंच झालं त? त्या म्हातारीले आणखी एकदा हात पुसाले लावू का मी?" मग ती म्हणाली, "नाही त उपचार घे. भंडाऱ्याले एक सर हायत म्हणते. चांगल्या चांगल्याले सुधरवते."

म्हणून मी सरांकडे गेले. भंडाऱ्यात एका मेडिकल दुकानाच्या वर त्यांची खोली होती. पाटीवर समुपदेशन, व्यक्तिमत्त्व विकास, स्मरणशक्ती, तणावमुक्ती आणि करिअर असं एकाखाली एक लिहिलेलं. आत उदबत्तीचा वास, आणि त्याच्याखाली ओल्या टॉवेलचा. सर खर्रा खायचे. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून ते समोरच बसून घोटत, अंगठा फिरवत फिरवत माझ्या मनाचा थांग घेत, मग चिमूट गालात सारत. गालाचा तो फुगवटा बोलताना इकडचा तिकडे जायचा.

"थोडा अहंकार आहे," पहिल्याच दिवशी त्यांनी आईला सांगितलं. मी तिथेच बसले होते. "शिकलेल्या बायांना होतो. लग्न झालं असतं तर आपोआप गेलं असतं."

आई मान हलवत होती. मला त्या खोलीचीच शिसारी आली, पण मी उठले नाही. आत्या व्हायचं होतं.

सरांचा पहिला पाठ डोळ्यांचा. "माझ्या डोळ्यांत बघा. खाली नाही, इकडे." त्यांच्या डोळ्यांत लाल शिरा होत्या आणि कोपऱ्यात काहीतरी पांढरं साचलेलं असायचं. मी दोन भुवयांच्या मध्ये बघायला शिकले, तेवढ्यानेच ते खूश व्हायचे. दुसरा पाठ हसण्याचा. "स्माईल. दात दिसले पाहिजेत." वर्गात साठ मुलांसमोर मी तास तास बोलते, कारण तिथे काय बोलायचं ते ठरलेलं असतं. सरांना याचं आश्चर्य वाटायचं. मास्तरीण आणि डोळ्यांत बघत नाही, म्हणजे ढोंगच असणार, असं त्यांनी आईला समजावलं. मला काय होतं, कशाने होतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. रोग ठरला होता, फक्त माझ्यातून उपटायचा राहिला होता.

मग पेढ्याचा पाठ आला. टेबलावर पेढ्यांचा डबा, आई खुर्चीत. सरांनी खर्रा घोटून गालात सारला, बोटं पँटला पुसली आणि त्याच बोटांनी पेढा उचलला.

"उघडा. मोठ्ठं. आई बघताहेत."

मी तोंड उघडलं. पेढा आत आला, चुना आला, अंगठा आला. त्यांनी माझी हनुवटी धरली. "आता गिळा. डोळ्यांत बघून गिळा." मी गिळलं. "शाब्बास," असं म्हणून त्यांनी माझ्या गालावर थोपटलं. तेवढं झाल्यावर मी जिना उतरले आणि मेडिकलसमोरच्या नालीवर वाकून सगळं बाहेर काढलं. आई मागे येऊन पाठ चोळत होती. "सर म्हणते प्रगती हाय," ती म्हणाली. बिचारीला खरंच तसं वाटत होतं.

लाखनीला परतताना बसमध्ये मी तिला सांगितलं की मी पुन्हा जाणार नाही. ती खिडकीबाहेर जाणारे ट्रक बघत म्हणाली, "मंग बारसं विसर."

घरी त्या दिवसांत भावजयीला सगळ्याचीच किळस यायची. मोहरीच्या फोडणीचा वास आला की ती तोंड दाबून अंगणात पळायची. आईने फोडणी बंद केली. मासे बंद केले. उदबत्तीसुद्धा बंद केली. याला कोणी नखरे म्हटलं नाही, डोहाळे म्हटलं. कोणी तिला भंडाऱ्याला नेऊन मोहरीच्या वासासमोर बसवलं नाही. मला भावजयीचा राग नव्हता, पण बिनफोडणीचं वरण खाताना मी मनात खूप काही बोलून घेतलं.

तीच एकदा माझ्या खोलीत आली. पोट सावरत खाटेवर बसली.

"ताई, त्या सरांकडे नका जाऊ. त्यांच्या खर्र्याचा वास मले आईंच्या लुगड्यातून आला."

मला हसू आलं. मग मी विचारलं, "तुले राग नाही आला? तुह्या आजीचं तसं झालं त?"

"तुम्ही आजीचा हात पाहून नाही ओकल्या. मी बाजूलेच बसली होती ना. व्हिडिओवाल्यानं दुसऱ्यांदा भरवाले लावलं तवा पहिला पेढा अजून तुमच्या तोंडातच होता." तिने फोन पुढे केला. "नागपूरच्या एक मॅडम हायत. समुपदेशन करतेत, फोनवर. लेकरांचं नाही, वयानं मोठ्या माणसांचंच. सुधरवत नाही म्हणते."

"मंग करते काय?"

"ते तुम्हीच विचारा."

मी विचारलं. नागपूरच्या बाई वयाने माझ्याहून लहान होत्या. व्हिडिओवर बोलताना त्या हातात एक रबरी कडं सतत फिरवत असायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या की मला एका जागी शांत बसता येत नाही, हे कडं फिरलं की माझं लक्ष टिकतं, तुम्हाला खटकत असेल तर कॅमेऱ्याबाहेर फिरवते. मी म्हटलं की मला माझा कॅमेराच बंद ठेवायचा आहे. "ठेवा," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. कोणाच्या भुवयांच्या मध्ये बघायची गरज उरली नाही.

मी काही लगेच पाघळले नाही. सरांनी पोळलेली होते, ताकही फुंकून पीत होते. दुसऱ्या भेटीत बाई म्हणाल्या, "तुमच्या भावना व्हॅलिड आहेत." मी म्हटलं, हे वाक्य पुन्हा म्हणू नका, दुकानातून आणल्यासारखं वाटतं. त्या हसल्या आणि पुन्हा कधीही म्हणाल्या नाहीत. माझ्या सांगण्यावरून समोरच्या माणसाने स्वतःला बदललं, असं त्याआधी कधी घडलेलं मला आठवत नाही.

त्यांनी विचारलेल्या गोष्टी मला कोणी विचारल्या नव्हत्या. कोणता स्पर्श नको? कोणता चालतो? मी विचार करून सांगितलं की हलका, ओला स्पर्श नको, जोराचा चालतो, उलट बरा वाटतो. बारशाला आत्या नाव सांगत असताना मागून बाया तिच्या पाठीत गुद्दे घालतात, त्याची सगळ्यांना काळजी होती. सरांनीही त्याचा वेगळा सराव घ्यायचं ठरवलं होतं. आणि गुद्द्यांचं मला काहीच नव्हतं. दणकून घाला म्हणावं.

नागपूरला जाऊन रीतसर तपासणीही झाली. माझ्यासारखीच्या मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असते, तिला ऑटिझम म्हणतात, हे पस्तिशी उलटल्यावर कळलं. बाई न्यूरोडायव्हर्सिटी असा एक लांबलचक शब्द वापरायच्या. मग मराठीत सांगायच्या की मेंदूंच्या तऱ्हा असतात, आणि एका तऱ्हेला धरून बाकीच्यांना ठोकून काढायचं हे काही उपचार नव्हेत. हे ऐकून हलकं वाटतं म्हणे पुष्कळांना. मला संताप आला. इतक्या वर्षांत गिळलेला एकेक घास परत वर आला. चार भेटींमध्ये मी दुसरं काही बोललेच नाही. बाईंनी मला शांत करायची घाई केली नाही. आता पुरे, पुढे बघा, असंही म्हणाल्या नाहीत.

एक दिवस त्यांनी विचारलं, "बारशाला तुम्हाला काय हवं आहे?"

"पाळण्याजवळ बसून नाव सांगायचं आहे."

"आणि काय नको आहे?"

"तोंडात बोटं."

"मग या दोन गोष्टी एकमेकींना कोणी बांधल्या?"

खरंच, कोणी बांधल्या होत्या? मग मी त्यांना ओंजळीत वरून ओतलेल्या पाण्याबद्दल सांगितलं, कान तुटलेल्या कपाबद्दल, आजोबांच्या नियमाबद्दल आणि पदराला पुसलेल्या हाताबद्दल. त्यांचं कडं फिरायचं थांबलं. मग त्या म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. इथे माझं शिक्षण पुरत नाही. तुम्हाला भरवून घ्यायचं नाही, तो तुमचा हक्कच आहे. पण आजींना जे वाटलं तेही खोटं नाही. ते तुम्हालाच त्यांना सांगावं लागेल." त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

काय सांगायचं ते मी धडा तयार करते तसं तयार केलं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, मध्येच कोणी शंका काढली तर काय. भावजय बाळंतपणाला माहेरी गेली होती, मुलगी झाली होती. धान निघायचे दिवस होते. मी एकटीच बस बदलत त्यांच्या गावी पोचले. अंगणाच्या कडेला कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचं पुंजणं रचलेलं, आजी उन्हात पाय पसरून बसलेली. भावजय बाळाला घेऊन आत होती. मला पाहून आजीने पाय जवळ घेतले, बस म्हणाली नाही.

मी उभ्या उभ्याच बोलायला लागले, पुंजण्याकडे बघत.

"इकडं पाहून बोल ना," आजी म्हणाली.

"पाहून बोलली त बोलता येत नाही मले."

"मंग नको पाहू."

ती इतक्या सहज म्हणाली की मी तयार केलेलं दुसरं वाक्य विसरले. तिसऱ्यापासून सुरू केलं. सांगितलं की माझ्या तोंडात कोणाचंच बोट चालत नाही, माझ्या आईचंही नाही, लहानपणापासून नाही. डॉक्टरने सांगितलं की माझी घडणच तशी आहे. तुम्ही रांधलेलं मी पोटभर खाईन. त्या दिवशी तुमचा हात होता म्हणून मी ओकले नाही, कोणाचाही असता तरी ओकलेच असते, आणि तुम्ही हात पुसला ते मला अजून दिसतं.

कोंबड्या पुंजण्याखालचे दाणे टिपत होत्या, आजीने त्यांना हुसकलं. मग म्हणाली, "आमच्या तरणेपणी पाणी वरूनच पडे. मले वाटलं, आता आपल्यातच वरून पाणी टाकणारे झाले."

"नाही आजी."

"जेवून जाशील?"

तिने भात वाढला, लाखोळीच्या डाळीचं वरण वाटीत वेगळं दिलं, मिरची ठेवली, आणि थोडी दूर सरकून बसली, मी खाते की नाही ते पाहत. वरण घट्ट होतं, लसणाचं होतं, आणि मला फार भूक लागली होती. मी आणखी भात मागून घेतला. ती उठून वाढायला आली तेव्हा तिचा अंगठा भातात गेला होता. मी तो भात खाल्ला. ताटातलं मला चालतं.

"बारशाले याल ना?" निघताना मी विचारलं.

"पाहीन," ती म्हणाली. तिने मला माफ केलं असं काही मी समजले नाही.

घरी आईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. "एकटी गेलती? जेवली?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मग म्हणाली, "ठीक हाय. बस पाळण्यापाशी. पण कोणी पेढा घेऊन आलं त मी लोकाले काय सांगू?"

"सांगायचं, ताटलीत ठेवा."

"असं कोणी म्हणते का कोणाले?" आईने कपाळाला हात लावला. "आपल्या घरी येऊन कोणी माया करून राहिलं, अना त्याले म्हणायचं ताटलीत ठेव?" ताटलीला तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

बारशाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, भावजय बाळाला घेऊन बसली. आजी आली होती. भिंतीला टेकून, पेढ्यांचा एक डबा पुढ्यात घेऊन बसली होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी पाळण्यावर वाकले. बाळाच्या कानाला दुधाचा वास होता. मागून बायांनी गुद्द्यांचा पाऊस पाडला, काकाच्या पोरीने तर दोन्ही हातांनी कुटलं, आणि मी इतकी खूश होते की आणखी खाल्ले असते. मी नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही. ते तिच्या कानासाठी होतं. तिने तोंडाचा चंबू केला आणि पुन्हा झोपली.

मी सरळ होते तोच समोर सर. आईने त्यांना काही महिन्यांपूर्वीच, ती प्रगती पाहून, बोलावणं करून ठेवलं होतं. गालात फुगवटा, हातात पेढा.

"ही माझी पेशंट," त्यांनी भरल्या घराला सांगितलं. "आली तेव्हा कोणाच्या हातचं खात नव्हती. आज बघा, एकदम नॉर्मल."

माझ्या काकू, शेजारणी, कॉलेजातल्या दोघी, सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला सरांच्या थोबाडावर थुंकावंसं वाटलं. पण हात जवळ येत होता, नखांत चुना होता, आणि माझी मान आखडली. तयार केलेलं एकही वाक्य सापडेना. भिंतीला टेकलेली आजी आता माझ्याकडेच बघत होती. पुन्हा तेच होणार, तिच्याच डोळ्यांसमोर, हे मला दिसत होतं. बाळ माझ्या मागे पाळण्यात होतं. मला मागे सरकायलाही जागा नव्हती.

तेवढ्यात माझ्या हनुवटीखाली एक स्टीलची ताटली आली. ती धरलेल्या हातात आईच्या बांगड्या होत्या.

"सर," आई म्हणाली, "पेढा ताटलीत ठेवा."

"अहो, हीच तर परीक्षा आहे," सर हसले. "आता मागे फिरायचं नाही."

"परीक्षा झाली. ठेवा."

आईने ताटली आणखी पुढे सरकवली. लोक बघत होते, आणि लोकांपुढे कोणालाही असं बोलणं आईला किती जड जातं हे मला माहीत आहे. सर तसेच उभे राहिले.

"कायले कोंबता तिच्या तोंडात?" भिंतीकडून आजी म्हणाली. "चांगली खाते ते आपल्या हातानं. माह्या घरी दोनदा भात घेतला तिनं."

सरांनी पेढा ताटलीत ठेवला. कोणी तरी खीर वाढायची घाई केली, आवाज पुन्हा सुरू झाले. आजीने आपल्या पुढ्यातला डबा जमिनीवरून माझ्याकडे सरकवला. मी त्यातला एक पेढा उचलला आणि माझ्या हाताने खाल्ला, सगळाच्या सगळा, कोणाच्याही डोळ्यांत न बघता. बाया पंगतीला बसायला उठल्या, सर हात धुवायला मागच्या दारी गेले, आणि आई मात्र ती ताटली तशीच धरून माझ्या बाजूला उभी होती.